नवबौद्ध आणि बौद्ध : दोन शब्द, दोन प्रश्न

(मंडळाच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यकर्त्यांनी आम्हांला भाषणाचा आग्रह केला तेव्हा आम्ही प्रथम नाही म्हटले. आम्ही बँकेत कारकून आहोत. दिवसभर आकडे आणि फॉर्म यांतच आमचा वेळ जातो. विद्वानांप्रमाणे व्याख्यान देणे हा आमचा प्रांत नव्हे. परंतु काही महिन्यांपूर्वी आमच्या काउंटरवर एक साधा प्रसंग घडला आणि तेव्हापासून दोन शब्द मनात घोळत राहिले. त्या दोन शब्दांविषयीच आज बोलावे असे ठरविले.

एक आजी आपल्या नातीला घेऊन खाते उघडण्यास आल्या होत्या. नात अकरावीत होती आणि शिष्यवृत्ती जमा होण्यासाठी तिला खाते हवे होते. फॉर्म भरताना आम्ही धर्म विचारला. मुलगी चटकन म्हणाली, "नवबौद्ध." आजींनी तिच्याकडे पाहिले आणि आम्हांला म्हणाल्या, "नव काय न्हाय, सायेब. नुसतं बौद्ध लिवा. माझ्या बानं दीक्षा घेतली तवा मी पाळण्यात हुते. आता पाळण्यातली म्हातारी झाली, अन् आमी अजून नवंच व्हय?"

आम्ही 'बौद्ध' लिहिले, शिक्का मारला आणि पुढच्या ग्राहकाला बोलावले. पण आजींचा प्रश्न काही जाईना.

घरी आल्यावर आम्ही कपाटातली कागदपत्रांची पिशवी काढली. आमचे मूळ गाव कराड तालुक्यातले, नोकरी सांगलीला. घरातले तीन शाळा सोडल्याचे दाखले समोर ठेवले. आमच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आहे. धाकट्या बहिणीच्या दाखल्यावर 'नवबौद्ध' आहे. आमच्या मुलीच्या दाखल्यावर 'बौद्ध' आहे. एकच रक्त, एकच घर, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तीच तसबीर, आणि कागदावर तीन निरनिराळे शब्द! आमच्या आजीने घरातले टाक कृष्णेत सोडले त्याला कितीतरी वर्षे लोटल्यावर आमचे नाव शाळेत घातले गेले. तरीही आम्ही कागदावर हिंदू का राहिलो? वडील म्हणत, "घरात बुद्ध असू दे, दाखल्यावर पोराची फी असू दे." त्यांना भित्रे म्हणण्याआधी त्या काळचा कायदा पाहिला पाहिजे.

१० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. त्यात अशी अट होती की हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख धर्माची भर पडली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपूर येथे भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली व लाखो बांधवांना ती दिली. लोक बौद्ध झाले आणि कायद्याच्या दृष्टीने त्याच क्षणी अनुसूचित जातीच्या बाहेर गेले. अस्पृश्यता मात्र गावात होती तिथेच होती. पाणवठा काही दीक्षेची तारीख विचारत नव्हता.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे आपल्याच भागातले, देवराष्ट्रे गावी जन्मलेले व कराडला वाढलेले. त्यांच्या सरकारने दीक्षा घेतलेल्या बांधवांना राज्यापुरत्या सवलती चालू ठेवल्या. सरकारी कागदात या लोकांना काहीतरी नाव देणे भाग होते. 'अनुसूचित जाती' म्हणता येत नव्हते, आणि नुसते 'बौद्ध' म्हटले तर त्यात लडाखचा, सिक्कीमचा परंपरेने बौद्ध असलेलाही आला असता. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेला तो 'नवबौद्ध', असा त्या शब्दाचा नेमका सरकारी अर्थ होय.

केंद्राच्या सवलती मात्र अडकल्याच. केंद्राच्या नोकरीसाठी अर्ज करायचा तर मुलाच्या कागदावर 'हिंदू महार' असणे सोयीचे होते. म्हणून वडिलांसारख्या अनेकांनी मन एकीकडे आणि दाखला दुसरीकडे ठेवला. पुढे १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना, संसदेने कायदा दुरुस्त केला आणि हिंदू व शीख यांच्या जोडीला बौद्ध हा शब्द आला. चौतीस वर्षे लागली मित्रांनो, एका शब्दाला कायद्यात जागा मिळायला!

आता शब्दांच्या अर्थाकडे वळू. शिवाचा तो शैव, विष्णूचा तो वैष्णव, तसा बुद्धाचा तो बौद्ध. या शब्दात जात नाही, प्रांत नाही, तारीखही नाही. जपानचा, श्रीलंकेचा आणि मिरज तालुक्यातला बौद्ध या एका शब्दात शेजारी बसतात. पाली ग्रंथांत तर गृहस्थ अनुयायाला उपासक म्हणतात, म्हणजे जवळ बसणारा. श्रावक म्हणतात, म्हणजे ऐकणारा. जवळ बसणे आणि ऐकणे ही कामे आहेत. ती करावी लागतात, जन्माने मिळत नाहीत.

'नव' या शब्दाचे काय? मराठीत हा शब्द थोड्या दिवसांचा पाहुणा आहे. नववधू वर्षभराने नुसती सून होते. नवमतदार पुढच्या निवडणुकीला नुसता मतदार असतो. नव्याचे नऊ दिवस अशी आपली म्हणच आहे. आपल्या नव्याला मात्र सत्तर वर्षे होत आली. भिक्खुसंघातही हा शब्द आहे. नवदीक्षित भिक्खूला 'नवक' म्हणतात, पण किती दिवस? पाच वर्षावास पूर्ण होईपर्यंत. त्यानंतर तो मध्यम आणि दहा वर्षावासांनंतर थेर, म्हणजे ज्येष्ठ. खुद्द संघ ज्या 'नव'ला पाच वर्षांत निरोप देतो, तो आम्ही तीन पिढ्या बाळगून आहोत.

आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. आज कोणी पत्त्यात 'नवसांगली' लिहितो काय? कोणी 'पूर्वाश्रमीचा दक्षिण सातारा' म्हणतो काय? जिल्ह्याला नवे नाव मिळाले आणि सर्वांनी ते मान्य केले. माणसांनी स्वतः नवे नाव घेतले, तर त्याला मात्र जुन्याची शेपटी कायमची चिकटवली जाते.

आणि या भूमीत बौद्ध खरोखर नवे आहेत काय? विद्यार्थ्यांनी एका रविवारी कराडजवळ आगाशिवच्या डोंगरावर जावे. तिथे साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. शिरवळजवळही आहेत. मध्य प्रदेशातल्या भरहूतच्या स्तूपावर दान देणाऱ्यांच्या यादीत 'करहाकट' या गावाचे नाव कोरलेले आहे आणि ते गाव म्हणजे आपले कराड असे अभ्यासक मानतात. दोन हजार वर्षांपूर्वी या कृष्णाकाठच्या लोकांनी इतक्या लांब दान पाठविले. तेव्हा आपण नवे नाही, परत घरी आलेले आहोत.

येथे कोणी विचारील, बाबासाहेबांनीच 'नवयान' म्हटले होते ना? होय. दीक्षेच्या आदल्या दिवशी, १३ ऑक्टोबर १९५६ रोजी, पत्रकारांशी बोलताना त्यांनी तो शब्द वापरल्याचे त्यांच्या चरित्रात आहे. परंतु हीनयान-महायानाच्या जुन्या वादात न पडता बुद्धाच्या मूळ शिकवणीकडे जाणारा मार्ग, या अर्थाने तो शब्द होता. तिथे नवे आहे ते यान. प्रवाशांच्या कपाळावर 'नवे' असे लिहावे असे त्यांनी सांगितले नाही. दीक्षाभूमीवर लोकांनी ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या संपूर्ण बौद्ध होण्याच्या होत्या, अर्धवट होण्याच्या नव्हत्या.

मग 'नवबौद्ध' हा शब्द टाकूनच द्यावा काय? आमचे मत तसे नाही, आणि हे बोलताना आमच्यातला कारकून जागा होतो. फॉर्मवर रकाना ज्यासाठी असतो त्याचेच उत्तर त्यात लिहावे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना आहे, शेतकऱ्यांसाठी योजना आहेत. त्यांच्या पात्रतेच्या अटींतच हा शब्द आहे. तिथे तो हक्काचा शब्द आहे. जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना तर १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. म्हणजे पणजोबांच्या नोंदीवरचा 'महार' हा शब्दही फाडून टाकून चालत नाही, जपून ठेवावा लागतो. त्यात लाज कसली? तो आपल्यावर झालेल्या अन्यायाचा पुरावा आहे, आणि पुरावा सांभाळायचाच असतो.

आमचे म्हणणे एवढेच की हे दोन शब्द म्हणजे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे होत. सरकारने तुमचे काय देणे लागते, या प्रश्नाचे उत्तर 'नवबौद्ध'. तुम्ही स्वतः कसे जगायचे ठरविले आहे, या प्रश्नाचे उत्तर 'बौद्ध'. पहिल्या शब्दाला सरकारी अधिकारी शिक्का मारतो. दुसऱ्याला कोणाचा शिक्का चालत नाही, तो रोजच्या वागण्यानेच लागतो. त्या मुलीचा घोटाळा झाला तो इथेच. तिला धर्म विचारला आणि तिने योजनेतला शब्द सांगितला. चूक तिची नाही. तिने तो शब्द फॉर्मांवरच पाहिला, घरात कोणी समजावून दिला नाही.

हे समजावून देण्याची वेळ आता आली आहे. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या आजच्या भागात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ मध्ये ते झाले सुमारे २७ लाख ९० हजार. जगाच्या इतिहासात दहा वर्षांत असा बदल क्वचितच कागदावर उमटला असेल. २०११ मध्ये देशात ८४ लाख बौद्ध मोजले गेले, त्यांतले ६५ लाख महाराष्ट्रात. पण वडिलांच्या काळातली भीती अजून गेलेली नाही. धर्म बौद्ध सांगितला तर सवलत जाईल, या समजुतीने आजही कित्येक घरांत 'हिंदू' सांगितले जाते. १९९० नंतर त्या भीतीला कायद्याचा आधार उरलेला नाही. पुढच्या जनगणनेची अधिसूचना केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये काढली. तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तीत जातीचीही नोंद आहे. धर्माच्या प्रश्नाला 'बौद्ध' हे उत्तर द्यावे, 'नवबौद्ध' नव्हे. जातीचा प्रश्न वेगळा विचारला तर अनुसूचीत जे नाव आहे ते सांगावे. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या रकान्यात घालू नये.

येथपर्यंत सरकारविषयी, कायद्याविषयी बोललो. ते सोपे असते. आता जे सांगायचे आहे ते आपल्याविषयी आहे, आणि प्रथम आमच्याविषयी आहे.

बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले हे आपणांस ठाऊक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात त्यांचे नाव दाखल झाले. २०१७ पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, १९०१ साली, ते भावंडांसह गोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. घ्यायला कोणी आले नव्हते. चांगल्या कपड्यांतली मुले पाहून स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशीला आला. तुम्ही कोण, असे त्याने विचारले. मुलाने भाबडेपणाने खरा शब्द सांगितला. मास्तरचा चेहरा पालटला आणि तो दूर झाला. बैलगाडीवाले दुप्पट भाड्यावर कसेबसे तयार झाले, तेही गाडी मुलांनी स्वतः हाकायची या अटीवर. रात्री टोलनाक्यावर पाण्यासाठी त्या मुलाला आपण मुसलमान आहोत असे खोटे सांगावे लागले, तरी पाणी मिळाले नाहीच. हे सर्व त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. एका शब्दाने माणूस कसा तहानलेला राहतो ते त्या मुलाने आपल्या या सातारा जिल्ह्यात अनुभवले.

आता आमची गोष्ट ऐका. तीन वर्षांपूर्वी आमच्या पुतण्यासाठी एक स्थळ आले. मुलगी शिकलेली, घर निर्व्यसनी, वडील रोज वंदना घेणारे. पत्रिकेवर स्वच्छ लिहिलेले : धर्म बौद्ध. आम्ही घरातले वडीलधारे म्हणून बोलणी करायला बसलो आणि आमच्या तोंडून प्रश्न गेला, "ते ठीक, पण मूळचे कोण?" मुलीचे वडील क्षणभर थांबले. मग शांतपणे म्हणाले, "मूळचे मातंग. पंचवीस वर्षांपूर्वी दीक्षा घेतली. आम्हांला वाटलं होतं, तुमच्या घरात हा प्रश्न येणार नाही." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. पुढे बोलणी झाली नाहीत. नंतर आम्ही निरोप पाठविला, पण त्यांनी उत्तर दिले नाही आणि ते योग्यच केले.

मित्रांनो, मसूरच्या स्टेशनमास्तरचा प्रश्न आणि आमचा प्रश्न एकच होता. त्याने विचारले तुम्ही कोण, आम्ही विचारले मूळचे कोण. त्याच्याजवळ बुद्ध नव्हता. आमच्या पाठीमागे भिंतीवर तसबीर होती.

'नवबौद्ध' म्हणजे पूर्वीचे महार, एवढाच अर्थ लोकांनी धरला याचे आपल्याला वाईट वाटते. पण 'बौद्ध' या विशाल शब्दाचाही तोच अर्थ आपण करून टाकला नाही काय? मातंग, चर्मकार, ओबीसी, कोणीही दीक्षा घेऊन आला की आपण त्याला पाहुण्यासारखे वागवतो. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्यात महारवाडा, मांगवाडा यांच्या रांगेत बौद्धवाडाही होता. जो शब्द आशिया खंडभर पसरला तो आपल्या गावात एका गल्लीचे नाव झाला! गावाने तो अरुंद केला हे खरे, पण त्याला कुंपण घालायला आपणही हात लावला.

तथागतांच्या काळात शाक्य राजपुत्र दीक्षेला आले तेव्हा त्यांनी आपल्याबरोबरच्या उपाली न्हाव्याला आधी दीक्षा देण्याची विनंती केली. कारण जो आधी तो ज्येष्ठ, आणि त्याला वंदन करताना आपला कुळाचा अभिमान गळावा. राजपुत्रांनी हे मागून घेतले. आपण आपल्याहून नंतर आलेल्या उपासकाशी कसे वागतो?

तथागतांनी महासागराची उपमा दिली आहे. मोठमोठ्या नद्या सागराला मिळाल्या की आपापली नावे सोडतात, तसे निरनिराळ्या वर्णांचे लोक संघात येऊन जुनी नावे-गोत्रे सोडतात. आपण कृष्णाकाठचे लोक. ही उपमा आपल्याला पुस्तकातून शिकावी लागत नाही. माहुलीला वेण्णा कृष्णेत येते आणि तिचे नाव संपते. कराडला कोयना येते, हरिपूरला वारणा येते. सांगलीच्या घाटावर पाणी भरणारी बाई ओंजळीतले पाणी मूळचे कुठले, असे विचारीत नाही.

तेव्हा सभासद बंधूंना आमची विनंती अशी. फॉर्मवर जिथे हक्क आहे तिथे 'नवबौद्ध' निःसंकोच लिहावे, मागावे, भांडून घ्यावे. दारावरच्या पाटीवर, जनगणनेत, मुलांच्या तोंडी मात्र 'बौद्ध' असावे. आणि लग्नाच्या बोलणीत 'मूळचे कोण' हा प्रश्न या मंडळाच्या सभासदाने तरी विचारू नये. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरातले तीन पिढ्यांचे दाखले एकदा समोर ठेवून वाचा. त्यावरचा प्रत्येक शब्द कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिला ते वडीलधाऱ्यांना विचारा.

त्या आजी मध्यंतरी पुन्हा बँकेत आल्या होत्या. नातीची शिष्यवृत्ती जमा झाली का हे पाहायला. आम्ही पासबुक भरून दिले. त्यांनी ते नातीच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "वाच, धर्म काय लिवलाय सायबानं?" पासबुकावर धर्म छापलेला नसतो, हे आम्ही त्यांना सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तिला पाठ हाय, तेवढं बास."



जय भीम!